७६ दिवस बिनमाशांचा टँक

हॉलमधल्या या खाऱ्या पाण्याच्या सहा फुटी टँककडे जरा नीट बघा. पंप चालू, लाइट चालू, गोगलगायी काचेवरचं शेवाळ खातायत, क्लीनर श्रिंप फटीतून मिशा हलवतोय, सगळं आहे पण मासा एकही नाही, आणि अजून ५० दिवस नसणार आहे.

सुरुवात झाली एका पावडर ब्लू टँगपासून. आपल्या हिंद महासागरातलाच मासा, अंग निळंशार, तोंड काळं, पाठीवरचा पर पिवळाधमक. दुकानातून आणला, थोडा वेळ पिशवी पाण्यावर तरंगत ठेवली आणि आधी वेगळा न ठेवता सरळ मेन टँकमध्ये सोडला, चूक झाली ती तिथेच. आठवड्याभरात परांवर मीठ सांडल्यासारखे ठिपके, मासा खडकाला अंग घासतोय, कल्ल्यांची उघडझाप जोरात. आणि मग तीन-चार दिवसांत ठिपके गायब! घरात सगळे खूश, आई म्हणाली सुटला बाबा एकदाचा. दहा-बारा दिवसांनी ठिपके परत आले तेव्हा मोजता येत नव्हते, आणि आमच्या दोन क्लाउनफिशपैकी एक सकाळी वाळूवर पडलेला.

मधल्या काळात ते ठिपके होते कुठे? तर टँकमध्येच. ते ठिपके म्हणजे क्रिप्टोकॅरियन नावाचा बारीक किडा, खाऱ्या पाण्यातला इच, म्हणजे माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. साधारण ३ ते ७ दिवस तो माशाच्या कातडीत राहून खातो, मग गळून पडतो, खडकावर किंवा वाळूत स्वतःभोवती कवच करतो आणि आत एकाचे अनेक होत जातात. एका कवचातून दोनशेच्या आसपास पिल्लं निघू शकतात, त्यांना एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर ती मरतात. गळणं आणि फुटणं बहुतेक अंधारात होतं. आमचा टँग रोज रात्री त्याच एका कपारीत झोपायचा, म्हणजे किडे तिथेच पडणार, तिथेच फुटणार, आणि हा समोर झोपलेला. हे कळलं तेव्हा फार वाईट वाटलं.

कॉपरचं, म्हणजे तांब्याचं औषध मारतं ते फक्त पाण्यात पोहणाऱ्या पिल्लांना, कातडीतल्या किंवा कवचातल्या किड्याला नाही, म्हणून डोस एक दिवसही खाली जाऊन चालत नाही. आणि कॉपर मेन टँकमध्ये टाकायचं नाही, गोगलगायी आणि श्रिंप मरतात, वर खडक आणि वाळू ते शोषून घेतात. हीटरचं तापमान वाढवा, लसणाच्या रसात खाणं भिजवा, हेही खूप जण सांगतात. लसणाने मासा खायला लागेल फार तर, किडा मरत नाही.

म्हणून हा वेगळा हॉस्पिटल टँक, टँग आणि उरलेला क्लाउन सध्या यात. वाळू-खडक नाही, नुसती काच, स्पंज फिल्टर, हीटर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे एल्बो, बस. बाटलीवरचा डोस दोन दिवसांत हळूहळू चढवला, ३० दिवस तिथेच धरून ठेवायचाय, रोज सकाळ-संध्याकाळ टेस्ट किट. खरी कसरत माशांच्या घाणीतून होणाऱ्या अमोनियाची आहे, पाणी सारखं बदलावं लागतं, आणि नवीन पाण्यात आधी तेवढंच कॉपर मिसळून मगच ओतायचं, नाहीतर तिथेच डोस खाली जातो.

आज २६वा दिवस. तिकडे मेन टँकमध्ये उरलेली कवचं फुटतील, पिल्लांना मासा मिळणार नाही, पण काही कवचं फार उशिरा फुटतात म्हणून पूर्ण ७६ दिवस थांबणार. मुलगी रोज विचारते आज किती राहिले.

टँगने काल पहिल्यांदा क्लिपला लावलेली नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) ओढून खाल्ली, क्लाउन तर पाइपातून बाहेरच येऊन बसतो आता. जाळी, बादली, टॉवेल दोन्ही टँकचे वेगळे ठेवलेत, ओला हात एकातून दुसऱ्यात घालायचा नाही, तशी चिठ्ठी काचेवर चिकटवलीय, आईला दिसेल अशी मोठ्या अक्षरात.