आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

पीसी इतका का तापतो यावर आज बोलायचंय, पण सुरुवात करण्याआधी एक काम उरकून घेतो. हा टेबलावर ठेवलाय तो माझा पीसी, याच्यात मूळचं असं आता फक्त मागचं पत्र्याचं पॅनल उरलंय, बाकी सगळं कधी ना कधी बदललंय नाहीतर कापलंय. तर याच्या तोंडावर मी हा पुठ्ठा चिकटपट्टीने लावतो, असा, कडेला बोटभर फट ठेवून, आणि प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघांवर फुल लोड, म्हणजे झेपेल तेवढं सगळं काम, टाकून देतो. खोलीत आत्ता २६ अंश आहे, प्रोसेसर ४१ वर निवांत बसलाय. मी बोलत राहतो, तो तापत राहील, मध्येच पंखे ओरडायला लागले तर मीही आवाज चढवीन, सांभाळून घ्या. बाहेरचा आवाज येतोय म्हणून खिडकी लावून घेतलीत ना, ठीक आहे, राहू दे लावलेली, तिच्याकडे शेवटी येऊ.

आता मूळ गोष्ट. यातला प्रोसेसर रायझन ५९००एक्स आहे. खोक्यावर १०५ वॉट लिहिलंय, पण ती झाली पाटी, सॉकेटमधून तो १४२ वॉटपर्यंत ओढतो, आणि ९० अंश ही त्याची कमाल मर्यादा. खाली ३२० वॉटचं ग्राफिक्स कार्ड. व्हिडिओ रेंडर करायला लावला की पाच मिनिटांत प्रोसेसर ८८-८९ ला टेकायचा आणि क्लॉक, म्हणजे त्याचा वेग, खाली यायचा. मग मी काय केलं, जे सगळे करतात तेच, कूलर बदलला. चांगला चालता हवेचा टॉवर कूलर काढला, ३६० चा एआयओ घेतला, म्हणजे पंप, नळ्या आणि ३६० मिलिमीटरचा रेडिएटर असलेला पाण्याचा तयार कूलर, तो बसेना म्हणून जिगसॉने छताचा पत्रा कापला, दोन रविवार घालवले, नळ्या बसवल्या, दिवे लावले, फोटोबिटो काढले. रेंडर लावला. ८६.

दोन अंश! एवढ्या खटाटोपाचे दोन अंश. प्रोसेसर आणि कूलरच्या मधली थर्मल पेस्ट परत लावली, स्क्रू परत आवळले, पंप फिरतोय का ते कान लावून ऐकलं, सगळं जागच्या जागी. मग एका रात्री आत पडलेला एक स्क्रू शोधायला बाजूची काच काढली, स्क्रू काही सापडला नाही, कंटाळून काच तशीच बाजूला ठेवून काम सुरू केलं, आणि सहज आकडा बघितला तर ७३. मी आधी सेन्सर बिघडला असंच समजलो. काच लावली, परत ८६. काढली, ७३.

म्हणजे आग लागलेली रामेश्वरी आणि मी नवाकोरा बंब घेऊन उभा सोमेश्वरी. कॅबिनेटचं पुढचं पॅनल मी स्वतः बनवलं होतं, काळ्या अॅक्रिलिकचं, आरशासारखं गुळगुळीत, कुठे भोक नाही की जाळी नाही, कडेला फक्त आठ मिलिमीटरची फट. दिसायला इतकं भारी की ते श्वास कोंडतंय हे कधी डोक्यातच आलं नाही. आपण स्वतः केलेल्या गोष्टीवर आपला संशय सगळ्यात शेवटी जातो.

याच्यामागचं गणित फार अवघड नाहीये. पीसी जेवढी वीज खातो जवळपास तेवढी सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडते, कूलर ती नाहीशी करत नाही, फक्त इथून उचलून तिथे नेतो. सिलिकॉनच्या चिपमधून वरच्या धातूच्या टोपीत, टोपीतून पेस्टमध्ये, पेस्टमधून तांब्याच्या प्लेटमध्ये, तिथून पाण्यात, पाण्यातून रेडिएटरच्या पातळ पट्ट्यांमध्ये, पट्ट्यांतून हवेत, आणि मग ती हवा कॅबिनेटबाहेर खोलीत. ही साखळी आहे, आणि जी कडी सगळ्यात कमकुवत तिच्यावर सगळं अडतं, बाकीच्या कड्या सोन्याच्या केल्या तरी. माझ्या दोघांचे मिळून साडेचारशे वॉट धरा. एवढी उष्णता बाहेर काढताना आतली हवा बाहेरच्यापेक्षा दहा अंशांहून जास्त तापू द्यायची नसेल तर सेकंदाला साधारण ३७ लिटर हवा आतून जायला हवी. दोन मोठ्या बादल्या हवा, दर सेकंदाला! आठ मिलिमीटरच्या फटीतून समजा पंधराच लिटर गेली तर तीच हवा २५ अंशांनी तापणार, म्हणजे खोलीत २६ असताना माझ्या रेडिएटरला ५१ अंशाची हवा मिळत होती. आता ५१ च्या हवेने कुठला रेडिएटर काय थंड करणार, त्याला मी उगाच शिव्या घातल्या.

म्हणून पैसे खर्च करायच्या आधी दोन टेस्ट करा, फुकट आहेत. एक, बाजूचं पॅनल काढून अर्धा तास लोड द्या. तापमान सातआठ अंशांपेक्षा जास्त उतरलं तर दुखणं कॅबिनेटमध्ये आहे, कूलरमध्ये नाही. दुसरी, पॅनल काढलेलंच ठेवून सगळे पंखे फुल स्पीडला टाका. आता पण फारसा फरक नाही पडला तर हवेचा प्रश्न नाही, उष्णता त्याच्याही आधी कुठेतरी अडकलीय, पेस्ट नीट पसरली नाही, प्लेट तिरकी बसली, पंप मेलाय, किंवा चिपच इतकी छोटी आणि इतके वॉट ओढणारी की तिच्यातून उष्णता निघायलाच जागा कमी. आणि आकडा लिहिताना खोलीचं तापमान शेजारी लिहा हो! परवा ७८ होतं, आज ७२ आलं, नवीन पंख्यांची कमाल, असं सांगत येतात लोक, आणि मधल्या काळात खोलीच सहा अंशांनी उतरलेली असते. वजाबाकी करून जो फरक उरतो तेवढाच खरा. आणि अर्धा तास म्हणतोय तर अर्धा तासच, कारण पाणी सावकाश तापतं, एक लिटर पाणी १४२ वॉटने एक अंश वर जायला जवळपास अर्धं मिनिट घेतं, ते पण उष्णता कुठेच बाहेर जात नाही असं धरून. पहिल्या पाच मिनिटांत एआयओचा आकडा बघून खूश झालात तर फसलात.

ऐकू येतंय ना मागे? ७९ झाले, पंख्यांनी सूर लावलाय.

मग मी ते पॅनल कापायला घेतलं. ज्यांना हे करायचंय त्यांनी आधी कॅबिनेट पूर्ण रिकामं करा, पूर्ण म्हणजे पूर्ण, मदरबोर्डवर पिशवी टाकून भागवू नका, पत्र्याचा कीस कुठे जाऊन बसेल आणि कधी शॉर्ट करेल याचा नेम नाही. अॅक्रिलिकची वेगळी तऱ्हा, जिगसॉ जोरात चालवली की ब्लेडच्या घर्षणाने ते वितळतं आणि मागच्या मागे परत चिकटतं, तुम्ही कापत पुढे जाता आणि वळून बघता तर काप गायब. हळू चालवा, मध्ये मध्ये थांबा, वरून मास्किंग टेप लावा. पंख्याच्या स्क्रूंची भोकं १२० मिलिमीटरच्या पंख्याला १०५ वर येतात, आणि १४० च्या पंख्याला १२४.५ वर. मी तो अर्धा मिलिमीटर सोडून सरळ १२५ धरले, तीन पंखे ओळीने, प्रत्येकाची चूक पुढच्यात जमा होत गेली, तिसऱ्याला कानस घेऊन बसावं लागलं. पुढे बारीक जाळी लावली, चुंबकाने चिकटणारी, धुता येते. जाळी अगदी दाट घेऊ नका, नाहीतर अॅक्रिलिक काढून कापड लावल्यासारखं होईल.

पंख्यांबद्दल थोडं सांगतो कारण इथे लोक उलटा विचार करतात. पंख्याचा वेग १५०० वरून १००० वर आणला तर हवा दोनतृतीयांश उरते, म्हणजे तोटा एकतृतीयांशच, पण आवाज जवळपास नऊ डेसिबलने पडतो. म्हणून मोठे पंखे, जास्त पंखे आणि हळू फिरवलेले, हे एका किंचाळणाऱ्या पंख्यापेक्षा कधीही बरं. मात्र मदरबोर्डवर पंखा जोडायच्या एकाच पिनांच्या जागेवर, म्हणजे हेडरवर, स्प्लिटर लावून पाच-सहा लटकवू नका, मदरबोर्डचा हेडर साधारण एक अँपिअरचा असतो, पंख्यावर लिहिलेले अँपिअर आधी बेरीज करून बघा. हवा कुठल्या बाजूने बाहेर पडते हे कळत नसेल तर ज्या बाजूला मोटर धरून ठेवणाऱ्या दांड्या असतात ती बाहेरची बाजू. हसू नका, मी तीन महिने एक पंखा उलटा चालवलाय.

रेडिएटर किती मोठा घ्यायचा? नुसता नावातला आकडा बघू नका, क्षेत्रफळ काढा. २४० चा म्हणजे २४० गुणिले १२०, आले २८,८०० चौरस मिलिमीटर. २८० चा म्हणजे २८० गुणिले १४०, ३९,२००. आणि ३६० चा ४३,२००. म्हणजे ३६० बसवायला मी छत कापलं तिथे २८० न कापता बसत होता, आणि तो फक्त नऊ-दहा टक्क्यांनी लहान. हे नंतर कळलं, कापलेलं छत काही परत शिवता येत नाही. बसवताना एवढंच बघा की पंप हा पूर्ण लूपमधला, म्हणजे पाणी फिरतं त्या चक्रातला, सगळ्यात उंच भाग नको, हवेचे बुडबुडे वर जातात आणि पंपात जाऊन बसतात, मग तो गुळण्या केल्यासारखा आवाज करत राहतो.

ज्यांना सुटे भाग जोडून पूर्ण कस्टम लूप करायचाय ते हमखास विचारतात, पाणी आधी प्रोसेसरवरून नेऊ की आधी ग्राफिक्स कार्डवरून, मध्ये रेडिएटर घालू का. घाला नका घालू, फरक नगण्य. मिनिटाला एक लिटर पाणी वाहत असेल आणि ३०० वॉट त्यात सोडले तर पाणी फक्त सव्वाचार अंशांनी तापतं. नळ्या जिथून छोट्या आणि सरळ जातील तो क्रम बरोबर. तांबं आणि अॅल्युमिनियम मात्र एका लूपमध्ये कधीच नको, पाण्यात दोन्ही एकत्र आले की अॅल्युमिनियम कुरतडलं जातं. आणि पाणी भरल्यावर लगेच पीसी चालू करायची घाई नको. पॉवर सप्लायच्या वायरी मदरबोर्ड आणि ग्राफिक्स कार्डमधून काढून ठेवा, २४ पिनच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरशी जोडा, फक्त पंप चालू होईल. प्रत्येक जोडाखाली टिश्यू पेपर ठेवा आणि रात्रभर चालू द्या. ओला झाला तर पेपर ओला झाला, बोर्ड नाही.

जुना कूलर काढायचं राहिलं बघा. एएम४ सॉकेटवाल्यांनो, म्हणजे माझ्यासारखा प्रोसेसर असणाऱ्यांनो, सरळ वर ओढू नका. पेस्ट सुकून घट्ट झालेली असते, प्रोसेसर लॉक असतानाच कूलरला चिकटून उपटून येतो, १३३१ पिना असतात त्याला. माझ्या चार वाकल्या, पेनपेन्सिलीच्या रिकाम्या धातूच्या टोकात एकेक घालून सरळ केल्या, श्वास रोखून. आधी दहा मिनिटं लोड देऊन गरम करा, बंद करा, मग कूलर डावी-उजवीकडे पिळत पिळत सोडवा. आणि नवीन कूलरच्या प्लेटवरचं प्लॅस्टिक काढा. प्रत्येकाला वाटतं मी कशाला विसरतोय, माझा एक मित्र त्या प्लॅस्टिकसकट आठ महिने गेम खेळला.

हो, बोला. लिक्विड मेटल, पेस्टऐवजी लावतात तो पातळ धातू? मी लावत नाही. उष्णता चांगली वाहतं खरं, पण त्यात गॅलियम असतं, अॅल्युमिनियमला लागलं की ते ठिसूळ करून टाकतं, शिवाय वीज वाहतं, एक थेंब घरंगळला की बोर्ड गेला. आणि काय मिळवायला? माझ्या केसमध्ये पेस्टची कडी कमकुवत नव्हतीच. त्यापेक्षा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, जाऊन पॉवर लिमिट खाली आणा. हाच प्रोसेसर कमी विजेच्या इको मोडला टाकला की १४२ ऐवजी ८८ वॉटवर चालतो, गेममध्ये फरक शोधून काढावा लागतो, रेंडरला थोडा वेळ जास्त लागतो. जी उष्णता तयारच झाली नाही ती काढायला कुठलाच पंखा लागत नाही. ही गोष्ट मला पहिल्या दिवशी सुचली असती तर आज हे व्याख्यान झालं नसतं ते सोडा.

हां, ८८. बघा, क्लॉक पण पडायला लागला. आता पुठ्ठा काढतो. ८४... लगेच एवढंच, बाकीचं पाण्यात साठलंय ते सावकाश उतरेल. पंख्यांचा आवाज ऐका, खाली येतोय. ७९. दुसरा प्रश्न कोणाचा होता? एक मिनिट, ७६. ७५. थांबलं वाटतं. घरी ७३ येतात. इथे दोन जास्त का, हा थर्मामीटर बघा, खोली २६ होती, २८ झालीय. साखळीतली शेवटची कडी. अहो, ती खिडकी उघडा बघू जरा.