बाकावरचा कप्तान

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय छापलाय ‘गोलरक्षकाचं थांबणं’. तिथे मी येणारच आहे. पण जपानचा गोलरक्षक कावागुची योशिकात्सु याची एक रात्र तुम्हाला सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कोल्हापुरात टायब्रेकर म्हणजे काय ते सांगत बसायला नको, तेव्हा थेट मैदानावर जाऊ.

31 जुलै 2004. चीनमधलं चोंगचिंग. आशियाई चषकाचा उपांत्यपूर्व सामना, जपान विरुद्ध जॉर्डन. चीन-जपान युद्धात जपानी विमानांनी याच शहरावर वर्षानुवर्षं बॉम्ब टाकले होते, आणि शहर ते विसरलेलं नव्हतं. जपानच्या पायाला चेंडू लागला की अख्खं स्टेडियम हुर्यो उडवायचं. सामना 1-1 सुटला, जादा वेळेतही काही झालं नाही. आला टायब्रेकर, म्हणजे दोन्ही संघांनी आळीपाळीने पाच-पाच पेनल्टी मारायच्या.

जपानचा पहिला फटका नाकामुरा शुन्सुकेचा. त्याच्या डाव्या पायासारखा डावा पाय तेव्हा आशियात दुसरा नव्हता. चेंडूजवळ गेला, टेकवलेल्या पायाखालची माती सरकली, चेंडू बारच्या वरून गेला. जॉर्डनने आपला गोल केला. मग आलेक्स सांतोस, तोही डावखुरा. तीच जागा, तेच घसरणं, चेंडू पुन्हा वरून!

आता बघा, कप्तान मियामोतो काय करतो. डोकं धरून बसत नाही. पळत मलेशियन पंचांकडे जातो आणि इंग्रजीत सांगतो की इथली जमीन खेळण्यालायक नाही, गोल बदला. आणि पंच ऐकतात! टायब्रेकर चालू असताना सगळा लवाजमा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला जातो. तुमच्यापैकी कुणी असं कधी पाहिलंय? हात वर करा. नाही ना? मीही त्याआधी पाहिलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

तरीही जॉर्डन 3-1 पुढे. जपानने एक गोल फेडला, 3-2. आता जॉर्डनने चौथा मारला की जपान स्पर्धेबाहेर. कावागुचीने तो अडवला. जपान 3-3. जॉर्डनने पाचवा मारला की जपान बाहेर. तोही गोल झाला नाही. मग सडन डेथ, म्हणजे एकेका फटक्याच्या जोडीवर निकाल. त्यात जपानचा नाकाझावा चुकला, म्हणजे पुन्हा एका फटक्यावर जपान बाहेर, आणि कावागुचीने पुन्हा हात घातला. एकाच रात्रीत तीनदा! मग मियामोतोने स्वतः येऊन गोल केला, जॉर्डनचा सातवा फटका खांबाला लागला, 4-3. आठवड्याभराने बीजिंगमध्ये खुद्द चीनला 3-1 हरवून जपानने चषक नेला.

उंची किती या माणसाची? जेमतेम 180 सेंटिमीटर. आजच्या निवड चाचणीत टेप लावूनच परत पाठवतील. आणि हाच गडी वयाच्या विसाव्या वर्षी, 1996 च्या ऑलिंपिकमध्ये, मायामीत ब्राझीलसमोर उभा होता. ब्राझीलचे 28 फटके, गोल शून्य. जपान 1-0. अहो, जोरदार फटक्यांसाठी जगभर गाजलेला रोबेर्तो कार्लोस होता त्या संघात!

हो हो, अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. तरी एक सांगतोच. मी जिल्हा संघात दुसरा गोलरक्षक होतो. अख्खा मोसम बाकावर. शेवटी जर्सी परत द्यायला गेलो तर सामान सांभाळणारे मामा म्हणाले, “धुऊन आणायची होतीस की रे.” मी म्हटलं, मामा, मळली कुठे ती? त्यांनी जर्सी हातात घेतली, घड्या जशाच्या तशा होत्या. काही बोलले नाहीत. मला त्या दिवशी निवडकर्त्यांचा जो राग आला होता, तो आजही पुरता गेलेला नाही.

म्हणून आता मुद्दा, भराभर सांगतो. संघात बाकी दहा जागा, गोलरक्षकाची एकच. बचावपटूला दुसऱ्या बाजूला हलवता येतं, गोलरक्षकाला कुठे हलवणार? कावागुचीच्या वाट्याला नाराझाकी सेइगो आला, वयाने जेमतेम वर्षाने लहान. 1998 चा विश्वचषक, जपानचा पहिलावहिला: खेळला कावागुची, बाकावर नाराझाकी. 2002, घरचा विश्वचषक: खेळला नाराझाकी, बाकावर कावागुची. त्याआधीच तो इंग्लंडमध्ये पोर्टस्मथ क्लबकडे गेला होता आणि तिथेही जागा गमावून बसला होता. 2006: पुन्हा कावागुची, क्रोएशियाच्या स्र्नाची पेनल्टी त्याने अडवली ती इथलीच. आणि 2010 ला दोघेही बाकावर, गोलमध्ये कावाशिमा एइजी.

त्या 2010 च्या संघात कावागुचीचं नाव आलं तेव्हा तो पाय मोडून महिनोन् महिने बाहेर होता. तिसरा गोलरक्षक. खेळणार नाही हे उघड होतं. तरी प्रशिक्षक ओकादांनी त्याला नेलं, आणि नेलं ते संघाचा कप्तान म्हणून. मैदानावर कप्तानाचा पट्टा हासेबे या खेळाडूच्या दंडावर, पण खोलीत, सरावात, जेवणाच्या टेबलावर कप्तान हा. एक मिनिटही न खेळता! आपल्याकडे दुसऱ्या गोलरक्षकाला पाण्याच्या बाटल्या भरायला लावतात. माझं भांडण आहे ते एवढंच.

संपवतो. 116 आंतरराष्ट्रीय सामने खेळलेला हा माणूस शेवटी जपानच्या तिसऱ्या श्रेणीतल्या सागामिहारा क्लबकडून खेळून 2018 ला, 43 व्या वर्षी थांबला. 2021 ला टोकियो ऑलिंपिकच्या संघाचा गोलरक्षक प्रशिक्षक झाला. त्याच्या हाताखाली तिघे. सगळे सामने तानी कोसेई खेळला, न्यूझीलंडविरुद्धच्या टायब्रेकरमध्येही तोच. बाकावर राहिलेल्यांत अठरा वर्षांचा सुझुकी झायोन होता. अडीच वर्षांनी कतारमधल्या आशियाई चषकात जपानच्या गोलमध्ये तोच उभा होता.