चोच जिथे पोचते

नमस्कार श्रोतेहो. दिवाळीआधी घराला रंग दिला की डब्याच्या तळाशी थोडा ऑइल पेंट उरतोच. मग गॅलरीतल्या गंजलेल्या पिंजऱ्याकडे लक्ष जातं आणि घरात कुणीतरी म्हणतं, यालाही एक हात मारून टाकू. तो हात मारण्याआधी माझं एक वाक्य लक्षात ठेवा, मी ते मधूनमधून पुन्हा म्हणणार आहे. जिथे चोच पोचते, तिथे रंग नको.

बजी, लव्हबर्ड, कॉकटेल ही सगळी पोपटाच्या कुळातली. चढताना ती चोचीने गज धरतात आणि रिकामा वेळ मिळाला की तेच गज कुरतडतात. रंगाचा पोपडा निघाला की तो थेट पोटात. त्या रंगात शिसं किंवा जस्त असलं तर विषबाधा ठरलेली. नुसत्या जीआयच्या, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी जाळीवरचं जस्त खाऊनही पक्षी दगावतात. बजीचं वजन असतं जेमतेम 30 ते 40 ग्रॅम. एवढ्याशा जिवाला विष ते किती लागणार?

बजी आणि कॉकटेल म्हणतोय मी, हेही ऐका. आपला गळ्यात कंठ असलेला हिरवा पोपट घरात पाळायला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. कायदा नसता तरी मी हेच म्हटलं असतं. संध्याकाळी थव्याने ओरडत घरी जाणारा पक्षी तो, त्याला दोन फुटांच्या जागेत बघवत नाही.

बरं, आता नानांची गोष्ट सांगतो.

नाना आमच्या शेजारी राहायचे. एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपमध्ये पेंटर म्हणून जन्म गेला. गाड्यांचा तांबडा-पिवळा रंग तर त्यांच्या हातचाच, पण खरी हुकमत अक्षरांवर. पाटीवर 'स्वारगेट' लिहायचे तर आधी खडूची रेघसुद्धा मारायचे नाहीत. फ्लेक्स आले आणि असे हात घरी बसले, याची मला फार चुटपुट लागते. गावात शिरताना दुकानांच्या पाट्यांवरून पेंटर ओळखता यायचा. आता सगळीकडे तेच छापील अक्षर.

तर नानांच्या नातीला कॉकटेल आणून द्यायचा होता. त्याचं नाव आधीच ठरलं होतं, बाळ्या. एका नातेवाइकांचा जुना वाडा पाडत होते, तिथून घुमटासारख्या टपाचा एक लोखंडी पिंजरा आला. देखणा होता. नात म्हणाली, "नाना, एसटीसारखा लाल करा. संध्याकाळपर्यंत वाळेल ना?"

नानांनी खाली वर्तमानपत्र अंथरलं, पिंजऱ्याचा एक कोपरा ओल्या फडक्याने पुसला आणि चाकूच्या टोकाने नखाएवढा रंग खरवडला. वर हिरवा निघाला. त्याखाली निळा. आणि त्याखाली, लोखंडाला चिकटलेला, लखलखीत शेंदरी. नानांचा हात थांबला.

"पोरी, लांब हो. आणि आधी साबणाने हात धुऊन ये."

त्यांनी मला बोलावून दाखवलं. रेड ऑक्साईड तांबूस दिसतो, गेरूसारखा. हा तसा नव्हता. हा रेड लेड असावा, म्हणजे शिशाचा शेंदूर, देवाला लावतात तोच. पूर्वी लोखंडाला गंज चढू नये म्हणून प्रायमरमध्ये तो सर्रास घालत. नुसत्या रंगावरून खात्री होत नाही, पण नानांचं म्हणणं होतं की संशय आला की जीव आत ठेवायचा नाही. वरून नवा रंग दिला तरी चोच चार दिवसांत खालच्या थरापर्यंत जाणार. जिथे चोच पोचते, तिथे रंग नको, हे वाक्य त्यांचंच.

नात रडली. नाना काही बधले नाहीत. ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून त्यांनी 304 स्टेनलेस स्टीलचा चौकोनी पिंजरा करून घेतला, बिनरंगाचा. मग नातीच्या लाल रंगाचं काय? पिंजऱ्याखाली एक साधा अँगलचा स्टँड होता, अलीकडचा, बाळ्याच्या आवाक्याबाहेरचा. तो त्यांनी एसटीचा लाल केला, मधून पिवळा पट्टा काढला. रंग सुकला, पण स्टँड गॅलरीतच राहिला. रोज सकाळी नात विचारायची, "नाना, आज?" नाना स्टँडजवळ नाक न्यायचे आणि मान हलवायचे. "वास येतोय अजून." कित्येक दिवस हेच चाललं. ज्या दिवशी वास गेला, त्या दिवशी नानांनी बारीक ब्रश घेतला आणि पट्ट्यावर आपल्या त्या घोटीव अक्षरात लिहिलं, "बाळ्या – विनाथांबा." त्या अक्षरांचाही वास जाईपर्यंत बाळ्या आतल्या खोलीत राहिला, पण आता नातीची तक्रार नव्हती. शाळेतल्या मैत्रिणी पाटी बघायला येत होत्या.

आता तुमच्या कामाचं, थोडक्यात. पिंजरा रंगवायचा तर स्टँड, बाहेरची चौकट, चाकं एवढंच रंगवा. गज गंजले असतील तर बदला. पक्ष्याला आधीच दुसऱ्या घरी किंवा दार लागणाऱ्या लांबच्या खोलीत हलवा. पक्ष्याचं फुप्फुस हवेतलं सगळं फार झपाट्याने ओढतं, म्हणून तर कोळशाच्या खाणीत कॅनरी नेत असत. टर्पेंटाईनचा वास आपल्याला नुसता डोकेदुखी देतो, त्याचा जीव जाऊ शकतो. नॉनस्टिक तवा तापून धूर झाला तरीही तेच, म्हणून पिंजरा स्वयंपाकघरात नकोच.

जुना रंग कोरडा घासू नका. वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा पॉलिश पेपर, पाण्यात बुडवून घासा, तोंडाला चांगला मास्क लावा, पोरांना लांब ठेवा, आणि तो चिखल फडक्याने पुसून घ्या. शेंदरी थर दिसला तर घासणं तिथेच थांबवा. रंग नवा, पाण्यात मिसळणारा घ्या. 1 नोव्हेंबर 2017 पासून आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत 90 भाग अशी ठरली आहे. ती कारखान्यांसाठीच्या रंगांना लागू नाही, म्हणून माळ्यावरचा जुना डबा किंवा वर्कशॉपमधून मागून आणलेला रंग वापरू नका. प्रायमरच्या डब्यावर जस्ताचा उल्लेख आहे का, तेही वाचा.

आणि वाळणं. बोटाला लागत नाही म्हणजे रंग पक्का झाला असं नाही. नख रुतेनासं होईपर्यंत आणि नाक अगदी जवळ नेऊनही वास येईनासा होईपर्यंत थांबा. याला काही आठवडे लागतात. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका, दमट हवेत रंग वाळता वाळत नाही.

पक्षी परत आत गेला की काही दिवस त्याच्या विष्ठेवर लक्ष ठेवा. ती गडद हिरवी, पातळ झाली, पक्षी पिसं फुलवून गप्प बसला, उलटी करू लागला किंवा तोल जाऊ लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका. पक्ष्यांचे डॉक्टर लगेच गाठा. शिसं आणि जस्त शरीरातून काढायला औषध आहे, पण ते वेळेत सुरू व्हावं लागतं. निघताना रंगाचा डबा सोबत घ्या, म्हणजे त्यात काय होतं ते डॉक्टरांना वाचता येईल.

नमस्कार.