सरळ रेषेपलीकडचं चुंबक

पडद्यावरचा हा चौकोन म्हणजे निओडिमियमचं चुंबक, ग्रेड एन-४२. सॉफ्टवेअर आहे ‘फेम’, चुंबकीय क्षेत्राचं गणित करून चित्र काढणारं, डेव्हिड मीकर यांनी लिहिलेलं आणि फुकट मिळणारं. चुंबकाबद्दल ते फार चौकश्या करत नाही. सापेक्ष पारगम्यता, म्हणजे निर्वाताच्या तुलनेत पदार्थ चुंबकीय क्षेत्राला किती वाट देतो ते, १.०५. शेष चुंबकत्व, म्हणजे बाहेरचं क्षेत्र काढल्यावर चुंबकात उरणारं, १.३ टेस्ला धरलं, तर कोअर्सिव्हिटी, म्हणजे चुंबकाला निष्प्रभ करायला लागणारं उलटं क्षेत्र, येते मीटरला साधारण ९८५ किलोअँपिअर. हे भरायचं, चुंबकनाची दिशा अंशांत द्यायची, मेश पाडायची, म्हणजे चित्राचे गणितासाठी बारीक त्रिकोण करायचे. क्षणात बलरेषा हजर.

एवढ्यावर भागतं, कारण खोलीच्या तापमानाला निओडिमियमचा बी-एच आलेख (बाहेरच्या क्षेत्रापुढे, म्हणजे ‘एच’पुढे, चुंबकातलं क्षेत्र ‘बी’ किती राहतं ते दाखवणारा) दुसऱ्या चरणात, म्हणजे बाहेरचं क्षेत्र उलटं असतानाच्या भागात, जवळजवळ सरळ रेषाच असतो.

आता हेच चुंबक मोटरमध्ये बसवा आणि मोटर तापू द्या. शेष चुंबकत्व दर अंशाला सुमारे ०.१२ टक्के घटतं. १०० अंशांना १.३ चं १.१७ च्या आसपास येतं. हे एकवेळ चालेल, थंड झाल्यावर ते भरून निघतं. खरा घात पुढे आहे. उलट्या क्षेत्रापुढे टिकून राहण्याची ताकद याच्या कितीतरी पट वेगानं ढासळते आणि रेषेला खालच्या टोकाशी बाक येतो. स्टेटरच्या, म्हणजे मोटरच्या स्थिर भागातल्या गुंडाळ्यांच्या, विरोधी क्षेत्रानं चुंबकाचा एखादा कोपरा त्या बाकाखाली ढकलला, की तिथलं गेलेलं चुंबकत्व परत येत नाही.

सॉफ्टवेअरला याचा पत्ताच नसतो. आपण रेषा दिली, ते रेषेवर चालतं. मेलेल्या कोपऱ्यातूनही बलरेषा तशाच डौलात काढतं! म्हणून रंगीत चित्रावर भाळू नये. कर्सर कोपऱ्यावर न्यायचा, चुंबकनाच्या दिशेतला ‘बी’ वाचायचा आणि डेटाशीटमधल्या त्याच तापमानाच्या वक्राशी ताडायचा. साध्या ‘एन’ ग्रेडची मर्यादा ८० अंश छापलेली असते, पण पातळ चकती त्याआधीच मान टाकू शकते.

फेराइटची, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडपासून बनणाऱ्या स्वस्त काळ्या चुंबकाची, तऱ्हा उलटी. त्याची कोअर्सिव्हिटी गारठ्यात उतरते. त्यामुळे गाडीच्या स्टार्टर मोटरची कसोटी कडाक्याच्या थंडीत, सुरू होतानाच्या जबर करंटवर घ्यायची.

आणि अल्निको-५, म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाच्या मिश्रधातूचं चुंबक? शेष चुंबकत्व १.२ टेस्लाच्या वर, कोअर्सिव्हिटी मात्र मीटरला जेमतेम ५० किलोअँपिअर. इथे अख्खा वक्रच बिंदू-बिंदू भरावा लागतो. शिवाय एकदा चुंबकित केलेला तुकडा लोखंडी जोडणीतून सुटा काढला, की तो कमजोर पडतो आणि परत बसवला तरी पहिल्यासारखा होत नाही. कारखान्यात त्याला जोडणी झाल्यावरच चुंबकित करतात. वक्र भरताना हा इतिहास आपल्यालाच विचारावा लागतो. ‘फेम’च्या खिडकीत त्यासाठी रकाना नाही.