आधी कान, मग पान

श्रोतेहो, नमस्कार.

पुस्तक ऐकलं, तर ते वाचलं असं म्हणायचं का? ऑडिओबुकचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. विचारणाऱ्याच्या सुरात जरा शंका असते, आणि ऐकणारा उगाच ओशाळतो. माझं मत मी सुरुवातीलाच सांगून टाकते. अद्भुतरम्य कादंबरी असेल, तर ती आधी ऐकावी. पोटभर ऐकावी. आणि मग छापील प्रत, नकाशा, वंशावळी घेऊन तिच्याशेजारी बसावं.

आपल्याकडे ही रीत जुनीच आहे. चातुर्मासात गिरगावच्या, लालबाग-परळच्या चाळींमध्ये पोथी लागायची. एक जण वाचणार, बाकीचे ऐकणार. ऐकणाऱ्यांत अक्षरओळख नसलेल्या आजीबाईही असायच्या, पण श्रीधरांच्या 'पांडवप्रतापा'तला कुठलाही प्रसंग विचारा, त्या घडाघडा सांगायच्या. शंका असलीच तर अध्याय संपल्यावर विचारायची. मध्येच पोथी अडवायची नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

आता इंग्रज लेखक जे. आर. आर. टोल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या अद्भुतरम्य कादंबरीकडे वळू. दुष्ट सॉरॉनची जादूची अंगठी नष्ट करायला निघालेल्या फ्रोडोची आणि त्याच्या सोबत्यांची ही गोष्ट. ही कादंबरी तीन खंडांत 1954 आणि 1955 साली छापून आली. पण त्याआधी कित्येक वर्षं तिचे कच्चे खर्डे ऑक्सफर्डमध्ये मोठ्यानं वाचले जात होते. लेखक सी. एस. लुईस यांच्या कॉलेजातल्या खोलीत गुरुवारी रात्री मित्रमंडळी जमायची आणि आपापलं लेखन एकमेकांना ऐकवायची. टोल्किन स्वतः अँग्लो-सॅक्सन, म्हणजे जुन्या इंग्रजी भाषेचे प्राध्यापक. ज्या जुन्या काव्यांवर त्यांचा पिंड पोसला, ती काव्यं मुळात सभेत म्हणण्यासाठीच होती. 1952 साली, कादंबरी अजून छापून यायची होती तेव्हा, एका मित्राच्या घरी त्यांनी टेपरेकॉर्डरवर तिच्यातले काही उतारे वाचले. 'द हॉबिट' या त्यांच्या आधीच्या कादंबरीतला कोड्यांचा प्रसंगसुद्धा वाचला, गॉलम या विचित्र प्राण्याचा आवाज काढून! ते ध्वनिमुद्रण पुढे तबकडीच्या रूपानं बाहेर आलं. म्हणजे या पुस्तकाचा पहिला वाचिक कलाकार खुद्द लेखकच.

ऐकण्यानं काय साधतं, याचा एक प्रसंग सांगते. बुटक्यांच्या ओसाड पडलेल्या मोरियाच्या खाणींमध्ये, बालिन या त्यांच्या सरदाराच्या थडग्याजवळ गँडाल्फ या जादूगाराला एक वही सापडते. जळकी, फाटकी, रक्ताचे डाग पडलेली. गँडाल्फ ती सोबत्यांना वाचून दाखवतो. कुठे ओळ तुटते, कुठे एखादाच शब्द लागतो. छापील पानावर तिथे नुसती टिंबं आणि रेघा आहेत. डोळा त्या टिंबांवरून सरळ घसरतो, कारण पुढे काय झालं याची त्याला घाई असते. पण मोठ्यानं वाचणारा चांगला कलाकार तिथे थांबतो. अडखळतो. शब्द लागत नाही म्हणून श्वास घेतो, आणि मग वाचतो, की आम्हाला बाहेर पडता येत नाही. पुन्हा तेच, बाहेर पडता येत नाही. त्यानंतर खोल खालून ढोलाचा आवाज सुरू होतो. कुर्ला ते सायन, गच्च भरलेल्या डब्यात, पंख्याच्या घरघरीत मी हा प्रसंग ऐकला आहे, आणि सायनला कोण चढलं, कोण उतरलं, मला पत्ता लागला नाही.

गाण्यांचंही तसंच. या कादंबरीत जागोजागी कविता आहेत आणि पुष्कळ वाचक त्या गाळतात. रॉब इंग्लिस या नटाच्या ऑडिओबुकात ती गाणी चक्क गायली आहेत. 2021 साली अँडी सर्किस यांचं वाचन आलं. सिनेमात गॉलम साकारणारे ते हेच. इंग्लिस यांचं वाचन घरातल्या जाणत्या आजोबांसारखं संथ, तर सर्किस प्रत्येक पात्राला वेगळा गळा देतात. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला मी सर्किस सुचवीन, कारण एलरॉंडच्या सभेचं ते लांबलचक प्रकरण, जिथे नुसती बोलणीच चालतात आणि बरेच जण पुस्तक मिटतात, तिथे कोण बोलतंय हे आवाजावरून लगेच कळतं. बीबीसीनं 1981 साली सादर केलेली 26 भागांची श्रुतिकाही सुंदर आहे. तिच्यातले फ्रोडो, म्हणजे इयन होम, पुढे सिनेमात बिल्बो झाले. मात्र ते नभोनाट्य आहे. टॉम बॉम्बाडिल या पात्राचा सगळा भाग त्यात गाळला आहे. पुस्तकाऐवजी ते ऐकू नका, पुस्तकानंतर ऐका.

आता कान कुठे कमी पडतो ते बघू. सॉरॉन आणि सारुमान. दोघेही दुष्ट, दोघेही 'स'वरून, आणि ट्रेनच्या खडखडाटात दोघे एकच वाटतात. थेओडेन आणि थेओड्रेड, एओमेर आणि एओविन, तीच गत. आणि दिशा! मंडळी पूर्वेला निघाली की दक्षिणेला, नदी डाव्या हाताला की उजव्या, हे ऐकून ध्यानात राहत नाही. इथे पान हवंच.

म्हणून माझी पद्धत अशी. प्रवासात एक प्रकरण ऐकायचं. मध्ये काही कळलं नाही तरी थांबवायचं नाही, फोनवर शोधायचं नाही, पोथीचाच नियम. रात्री जेवणं आटोपली की तेच प्रकरण छापील प्रतीत उघडायचं, नावं डोळ्यांखालून घालायची आणि नकाशावर बोट ठेवून मंडळी कुठवर आली ते पाहायचं. दहा मिनिटं पुरतात. सगळी मिळून 62 प्रकरणं आहेत आणि ऐकायला पन्नासहून अधिक तास लागतात, तेव्हा घाई करण्यात अर्थ नाही. वेग वाढवून तर मुळीच ऐकू नका, गाण्यांची माती होते. आणि एक विनंती, प्लॅटफॉर्मवर आणि रस्त्यावर कान मोकळे ठेवा.

नकाशांचा नाद लागला, तर कॅरेन विन फॉन्स्टॅड यांचा 1981 सालचा मिडल-अर्थचा, म्हणजे या कादंबरीतल्या जगाचा, ॲटलस जरूर पाहा. त्या भूगोलाच्या अभ्यासक. कोण कुठल्या दिवशी किती चाललं, याचेसुद्धा नकाशे त्यांनी काढले आहेत. रॉबर्ट फॉस्टर यांचा नावांचा कोशही मोलाचा आहे, पण पहिल्या फेरीत तो उघडू नका. एकेका नावाखाली त्या पात्राचा शेवट लिहिलेला असतो.

इंग्रजी ऐकताना दडपण येत असेल, तर आणखी एक वाट आहे आणि ती मला फार आवडते. मुग्धा कर्णिक यांनी या कादंबरीचा 'स्वामी मुद्रिकांचा' या नावानं मराठी अनुवाद केला आहे. कानात इंग्रजी, हातात मराठी. मराठी माध्यमातून शिकलेल्यांनी हे करून पाहावं. आठवडाभरात इंग्रजीची भीती मोडायला लागते, कारण गोष्ट आधीच आपली झालेली असते.

एवढा पल्ला नको असेल, तर अर्सुला ले ग्विन यांची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' घ्या. 1968 सालची, आटोपशीर. बेटांचं जग, आणि तिथे ज्याचं खरं नाव कळलं त्याच्यावर सत्ता चालते. ले ग्विन यांनी आधी या बेटांचा नकाशा काढला आणि मग गोष्ट लिहिली, त्यामुळे नकाशा शेजारी हवाच. समुद्राच्या काठी राहणाऱ्या आपल्या मुंबईकरांना ती लवकर जवळची वाटेल.

आणि घरात लहान मुलं असतील, तर जॉर्ज मॅकडॉनल्ड यांची 1872 सालची 'द प्रिन्सेस अँड द गॉब्लिन'. हिच्यातल्या गॉब्लिनांना, म्हणजे जमिनीखालच्या दुष्ट जिवांना, कविता सहन होत नाही! कर्डी नावाचा खाणीतला मुलगा यमकं जुळवून म्हणतो आणि ते पळत सुटतात. आता सांगा, हे मनातल्या मनात वाचायचं की मोठ्यानं म्हणायचं? लिब्रिव्हॉक्स या संकेतस्थळावर स्वयंसेवकांनी वाचलेली ही कादंबरी फुकट ऐकायला मिळते. तिथले सगळेच आवाज सारखे चांगले नाहीत. दोन-तीन ऐकून निवडा. मराठीत हाच आनंद हवा असेल, तर नाथमाधवांची 'वीरधवल' वाचनालयातून आणा आणि घरी आळीपाळीनं मोठ्यानं वाचा. आजीचं डोळ्यांचं ऑपरेशन झालं असेल, तर तिच्यासाठी फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. कुठल्याही कंपनीच्या ऑडिओबुकपेक्षा नातवाचा आवाज तिला अधिक आवडेल.

छापील प्रत फ्लोरा फाउंटनच्या किंवा माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या पदपथावर जुन्या पुस्तकांत मिळू शकते. तिथे घासाघीस करण्याआधी पुस्तक मागून उघडा. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'ची 1968 सालची एका खंडातली कागदी बांधणीची आवृत्ती फार गाजली, पण तिच्यात एरागॉर्न आणि आर्वेनची कथा तेवढी ठेवून बाकीची परिशिष्टं गाळली होती. वंशावळी, राजांची सनावळी, लिप्या, सगळं त्या परिशिष्टांतच आहे. ती नसतील, नाहीतर नकाशाचं पान कुणी फाडून नेलं असेल, तर दुसरी प्रत मागा.

नमस्कार.