कणांच्या कडेवरचे डिस्प्रोसियम

निकेलचा मुलामा चढवलेला चुंबकाचा हा चपटा तुकडा विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या रोटरमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या भागात, बसतो. निओडिमियम, लोह आणि बोरॉन यांच्या संयुगापासून तो घडवलेला आहे. जपानमध्ये मासातो सागावा आणि अमेरिकेत जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे विकसित केलेले हे चुंबक १९८३ मध्ये जगासमोर आले, आणि बाजारात याहून बलवान स्थायी चुंबक आजही मिळत नाही. उष्णता मात्र त्याला सोसत नाही. मोटारीचे तापमान १५० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले आणि त्याच वेळी वेटोळ्यांचे उलटे चुंबकीय क्षेत्र आदळले, तर त्याचे हरवलेले चुंबकत्व मोटार थंड झाल्यावरही परतत नाही.

निओडिमियमच्या काही अणूंच्या जागी डिस्प्रोसियम किंवा टर्बियम ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये बसवली की स्फटिकाची चुंबकीय दिशा उलटवणे पुष्कळ अवघड होते. परंतु डिस्प्रोसियमचे स्वतःचे चुंबकत्व लोहाच्या विरुद्ध दिशेला असते, त्यामुळे ते जितके अधिक घालावे तितका चुंबकाचा एकूण जोर घटतो. शिवाय हे मूलद्रव्य दुर्मीळ आणि महाग आहे, आणि त्याचा पुरवठा बव्हंशी चीनच्या हाती आहे.

या पेचातून वाट निघाली ती चुंबकाच्या अंतर्रचनेतून. मिश्रधातूची बारीक पूड चुंबकीय क्षेत्रात एका दिशेने लावून, दाबून आणि हजार अंशांहून अधिक तापमानाला भाजून हा चुंबक तयार होतो, म्हणून त्यात काही मायक्रोमीटर आकाराचे असंख्य कण आणि त्यांच्यामध्ये निओडिमियमने समृद्ध असे पातळ थर असतात. दिशा उलटण्याची सुरुवात बहुधा कणाच्या कडेवर होते. मग बळकटी गाभ्याला कशाला द्यायची? तयार चुंबकावर डिस्प्रोसियमच्या संयुगाचा लेप देऊन तो सुमारे ९०० अंशांना तापवला, की कणांमधले थर वितळतात आणि पाटाचे पाणी वाफ्यांच्या कडेने फिरावे तसे डिस्प्रोसियम आत झिरपते, कणांच्या कडेवर स्थिरावते. गाभा अबाधित राहतो. ही झिरप काही मिलिमीटरच पोहोचते, त्यामुळे जाड चुंबकांना हा उपाय पुरत नाही.

तांबे, ॲल्युमिनियम आणि गॅलियम यांची अत्यल्प मात्रा हे थर सलग पसरवण्यास मदत करते. याच थरांवर चुंबकाची यांत्रिक ताकदही अवलंबून असते, कारण चिनीमातीसारख्या ठिसूळ अशा या पदार्थात तडा बहुतेक वेळा कणांच्या सीमेवरूनच धावतो.

टोयोटाने २०१८ मध्ये हाच विचार उलट बाजूने मांडला: कण अतिशय बारीक करून निओडिमियम त्यांच्या पृष्ठभागावर अधिक ठेवायचे, गाभ्यात कमी करायचे आणि तिथली उणीव लँथेनम व सेरियम यांनी १:३ या प्रमाणात भरून काढायची. भारताच्या दृष्टीने हे अर्थपूर्ण आहे, कारण केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यांवरील मोनाझाइट या खनिजामध्ये डिस्प्रोसियम नावापुरतेच असते; सेरियम आणि लँथेनम मात्र विपुल आहेत.