ऑक्सिजन घटतो तेव्हा पेशी लोह कसं सांभाळते
(नंदुरबार येथील व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, अंगात रक्त कमी म्हटलं की लोहाच्या गोळ्या आल्याच. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर आशाताई त्या पोचवतात, आणि ते काम फार मोलाचं आहे. पण गिळलेल्या गोळीतलं किती लोह रक्तात उतरेल, हे शरीर ठरवतं. त्या निर्णयात ऑक्सिजनचा वाटा मोठा असतो.

ऑक्सिजन घटलाय, हे पेशीला कळतं कसं? पेशीत एचआयएफ नावाचं प्रथिन सतत तयार होतं आणि काही मिनिटांत मोडलंही जातं. मोडण्याआधी एक विकर (एन्झाइम) त्याच्यावर खूण करतं, आणि त्या खुणेसाठी ऑक्सिजन लागतो. ऑक्सिजन कमी पडला की खूण राहून जाते, एचआयएफ टिकतं आणि केंद्रकात जाऊन शेकडो जनुकं जागी करतं. या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९चं नोबेल मिळालं.

आता नीट ऐका. खूण करणाऱ्या त्या विकराच्या गाभ्यात लोहाचा अणू असतो. लोह फार आटलं, तर ऑक्सिजन असूनही खूण नीट होत नाही. दोन्ही टंचाया पेशीला एकाच विकरामुळे कळतात! मला या विषयाचं वेड लागलं ते इथेच.

पुढे काय होतं? एचआयएफचाच एक प्रकार, एचआयएफ-२, आतड्यात लोह आत घेणारी प्रथिनं वाढवतो. त्याच्याच सांगण्यावरून मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडतं आणि अस्थिमज्जा तांबड्या पेशी बनवायला लागते. त्या कोवळ्या पेशी एरिथ्रोफेरोन हे दुसरं संप्रेरक सोडून यकृताला हेप्सिडिन आवरायला लावतात. हेप्सिडिन म्हणजे लोहाच्या वाटेवरचं कुलूप. ते सैल झालं की आतड्यातलं आणि साठ्यातलं लोह रक्तात उतरतं.

पण लोहच नसेल तर एवढी धावपळ कशाला? त्यासाठी आयआरपी-१ नावाचं प्रथिन आहे. लोह कमी असताना ते एचआयएफ-२च्या आरएनएवर, म्हणजे ते प्रथिन बनवण्याच्या निरोपावर, बसतं आणि त्याचं उत्पादन रोखतं. ऑक्सिजन घटला, की आयआरपी-१मधला लोह-गंधकाचा गुच्छ जास्त टिकतो, आयआरपी-१ची आरएनएवरची पकड सुटते आणि एचआयएफ-२ पुन्हा बनू लागतो. घाई आणि शिल्लक, दोन्हींचा विचार एका रेणूत!

सातपुड्यात हे जास्त महत्त्वाचं, कारण इथे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ऑक्सिजन कमी झाला की त्यातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि लवकर फुटतात. फुटलेल्या पेशींतलं बरंचसं लोह मात्र शरीरातच राहतं. वारंवार रक्त चढवलं तर प्रत्येक पिशवीसोबत सुमारे २०० ते २५० मिलीग्रॅम लोह येतं, आणि जादा लोह बाहेर टाकायला शरीराकडे स्वतंत्र मार्ग नाही. ते यकृतात आणि हृदयात साठत जातं. म्हणून सिकलसेलच्या रुग्णाला केवळ हिमोग्लोबिन कमी दिसलं म्हणून लोह सुरू करू नका. आधी फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तपासा; मात्र अंगात ताप किंवा दाह असताना तो आकडा उगाच चढतो, हेही डॉक्टरांशी बोलून घ्या.